चुलीमागची भिंत

घर दुरुस्तीला काढलं की पहिला विषय छताचा निघतो, दुसरा न्हाणीघराचा, तिसरा फरशीचा. चुलीची पाळी सगळ्यात शेवटी येते, तीही गवंडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून "आन् हिचं काय करायचं?" असं विचारतो तेव्हा. अंथुर्ण्याच्या आमच्या घरात असंच झालं. छतावर बैठकांवर बैठका झाल्या, फरशीच्या रंगावरून दादा-वहिनींत अबोला झाला, आणि चुलीचा निकाल मात्र दादानं उभ्या उभ्या लावला. "काढून टाका. गॅस आहे की." आई शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आन् अंघुळीचं पाणी कशावर तापवू? तुझ्या डोक्यावर?"

चूल राहिली. पण ती जशी होती तशी ठेवायची नाही, एवढं सगळ्यांनाच पटलेलं होतं.

इंदापूर तालुक्याचा आमचा हा पट्टा नीरेच्या डाव्या कालव्यावर जगतो. कालव्याच्या पाण्यानं ऊस आला, १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, पुढं भवानीनगरचा सहकारी कारखाना आला आणि उसाच्या पैशानं माळवदाची घरं एकेक करून स्लॅबची झाली. आमचं मागं राहिलं. दगड-मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं माळवद, मधोमध धूर जायला ठेवलेलं सानं. उन्हाळ्यात या घरात पंखा लागत नाही. पावसाळ्यात मात्र घमेली लागतात, म्हणून तर दुरुस्ती काढली.

स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीला लागून चूल, तिच्या डाव्या अंगाला वैल, आणि दोन्हींच्या मागं मातीचीच बांधलेली वीतभर रुंद भानवस. भानवशीवर मिठाची बरणी, काडेपेटी, फुकणी आणि दुधाचं पातेलं. चूल विझून तासभर झाला तरी तिथं ठेवलेलं दूध विरजण लावण्याइतकं कोमट राही. चुलीतला जादा जाळ आतल्या भोकातून वैलाकडं जातो आणि वैलावरची आमटी वेगळं जळण न घेता रटरटत राहते. उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, हे ज्यानं कुणी पहिल्यांदा वैल घातलं त्या बाईला चांगलंच कळत होतं. बाईच असणार, पुरुषाला सरपण आणायला लागत नव्हतं.

गवंड्याचा बेत तयार होता. "काकू, सिमिटात बांधतो, वर कडाप्पा, मागं टाइल. हॉटेलात आस्ती तशी." आई म्हणाली, "सिमिटाची चूल न्हाय टिकत." गवंडी हसला. पण आईचं बरोबर होतं, आणि ते का बरोबर आहे हे मला पुस्तकातून कळलं होतं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. ते पाणी त्याच्या अंगात बांधलेलं असतं. चुलीच्या तोंडाशी निखारे सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतात. साधारण चारशे अंशांपुढं सिमेंटातलं हे पाणी निघून जातं आणि मागं चुना उरतो. चुना उघडा पडला की हवेतला ओलावा पुन्हा ओढतो, फुगतो आणि आपल्याबरोबर बाकीच्यालाही फोडतो. त्यात आपल्याकडं रोज सकाळी चुलीला ओलं पोतेरं फिरवायची रीत. सिमेंटाच्या चुलीला रोजचं पोतेरं म्हणजे रोजची एक भेग. कडाप्प्याची तऱ्हा याहून वाईट. एका बाजूनं तापला, दुसरीकडून गार राहिला की तडकतो, आणि तडकतो तेव्हा आवाज न करता तडकत नाही. नदीतला गोटा तर चुलीला लावूच नये. आत पाणी मुरलेलं असलं तर त्याची वाफ होऊन तो बंदुकीसारखा उडतो.

म्हणून चूल मातीची ठरली. आता माती म्हणजे वाटेल ती माती नव्हे. आमच्या रानातली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना पायाची बोटं जातील एवढ्या भेगा देते. आईनं वारुळाची माती मागवली, तिच्यात गावठाणातली पांढरी मिसळली, गव्हाचा भुसा, घोड्याची लीद आणि चाळलेली राख घातली आणि तो गारा रात्रभर भिजत ठेवला. सकाळी वहिनी पायानं तुडवायला लागल्या. गारा कितपत झाला हे आई कसं बघते ते सांगण्यासारखं आहे. मुठीएवढा गोळा करून ती तो कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकते. फुटला तर भुसा कमी, पसरला तर पाणी जास्त, आणि पडल्या जागी नुसता बसला तर झाला. भुसा आणि लीद पुढं जळून जातात आणि जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. भट्टीच्या विटा करणारे कारखाने याच कामासाठी लाकडाचा भुसा घालतात.

उंचीवरून मात्र भांडण झालं. वहिनींचे गुडघे दुखतात, त्यांना उभ्यानं स्वयंपाक हवा. आईला उभ्यानं भाकरी थापता येत नाही. काटवट मांडीशी असल्याशिवाय तिचा हातच चालत नाही. मला तिसरीच भीती. ओट्यावरच्या चुलीचा जाळ नेमका पदराच्या उंचीला येतो. भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता घरात वापरायच्या साड्या सुती कमी आणि कृत्रिम धाग्याच्या जास्त. सुती कापड जळतं, हे कृत्रिम कापड वितळून अंगाला चिकटतं. शेवटी आईला आणि वहिनींना रिकाम्या विटांच्या थरांवर आळीपाळीनं बसवून बघितलं. एक थर काढ, एक चढव, असं करत गुडघ्याखाली येईल असा बुटका ओटा ठरला. वहिनी स्टुलावर बसणार, आई शेजारच्या पाटावर. गवंडी वैतागला होता. "चुलीचं माप घ्यायला दोन बाया बसवल्याली मी पैल्यांदाच बघतोय," म्हणाला. मला वाटतं, चूक तिथंच होत आली आहे.

ओट्यापुढच्या जमिनीचाही विचार केला. अमेरिकेत भिंतीतल्या शेकोटीच्या तोंडापुढं निदान सोळा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ इंच न जळणारी फरशी असलीच पाहिजे असा बांधकामाचा दंडक आहे. शेकोटीचं तोंड मोठं असेल तर वीस आणि बारा. आपल्या जुन्या घरांत हा नियम लिहायची गरज नव्हती, कारण सगळी भुईच सारवलेली. ठिणगी पडली तरी शेणामातीवर विझून जाई. आता आमच्या चुलीपुढं प्लॅस्टिकची फुलाफुलांची चटई होती, तिला ठिकठिकाणी भोकं पडलेली. ती काढली आणि शहाबादी घातली.

वरच्या तुळईनं मला अधिक विचारात पाडलं. चुलीच्या डोक्यावरची ती तुळई इतकी काळी होती की हात लावला तर बोटांचे ठसे उमटत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराचं ते पुट. जुनी माणसं सांगतात की धुरामुळंच लाकडाला वाळवी आणि भुंगा लागत नाही, आणि ते खरंच आहे. बंद पडलेल्या घरांचं माळवद आधी का बसतं, याचं एक कारण म्हणजे तिथली चूल बंद झालेली असते. पण हीच काजळी जाड झाली की पेटते. तेव्हा तुळई घासायची ठरली. गवंड्याचा पोऱ्या कोरडा झाडू घेऊन शिडीवर चढायला निघाला होता. त्याला थांबवलं. काजळी ओली करून, नाकातोंडाला चांगला मास्क लावून, भांडीकुंडी बाहेर काढून मगच खरवडायची. चुलीजवळची काजळी बारीक असते, छातीत जाऊन बसते आणि तिच्यात कर्करोग करणारी द्रव्यं असतात.

त्याच पोऱ्यानं दुपारी चहाला पाणी ठेवलं आणि उपसलेल्या जुन्या खिडकीची चौकट फोडून चुलीत सारायला घेतली. हिरवा तैलरंग, थरावर थर. जुन्या तैलरंगात शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचं रंगवलेलं लाकूड जाळलं तर शिसं धुरात आणि राखेत येतं. राख आपण कुठं टाकतो? परड्यातल्या मिरचीच्या वाफ्यात, आणि भांडी घासायच्या डब्यात.

आणि मग तो पाइप.

चुलीच्या कोपऱ्यातून छतात गेलेला करड्या रंगाचा, खरखरीत पाइप. मी शाळेत असताना सरकारी योजनेतून निर्धूर चूल आली तिच्याबरोबरचा. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. देशभरात तीन कोटींच्या वर चुली बसवल्या गेल्या. कल्पना नवी नव्हती. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामात मगन चूल त्याच्या कितीतरी आधी तयार झाली होती. सरकारी चुलीला दोन भोकं आणि धूर बाहेर न्यायला हा पाइप. आमची भाकरीची तवी त्या भोकावर बसेना, म्हणून आईनं उलथन्यानं भोक मोठं केलं. भोक मोठं झालं तशी चूल ओढ धरेना, धूर पुन्हा घरात यायला लागला. पाइपातून चिमण्या काड्या टाकायच्या, म्हणून त्याला चिंधीचा बोळा बसला. गावोगाव थोड्याफार फरकानं हेच झालं. चुली वाटणाऱ्यांना भोकाचं माप माहीत होतं, तव्याचं नव्हतं. आणि बिघडलेली चूल दुरुस्त करायला परत कुणी यायचं नव्हतं.

पाइप मात्र तसाच राहिला, आणि तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा होता. त्या काळी धुराड्याला सर्रास तेच पाइप लावत. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. पाइप धड आहे तोवर ते सिमेंटात धरून असतात. पाइप कापला, फोडला, भोक पाडलं की हवेत सुटतात. छातीत गेले की तिथून निघत नाहीत, आणि त्यांचा आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. म्हणून फोडणाऱ्याला फोडताना काहीच होत नाही, आणि म्हणूनच तो ऐकत नाही. पन्नासहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडं पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजून दुकानात मिळतात. कामगारांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच निकाल दिला, आरोग्य हा त्यांचा हक्क ठरवला. घरात पाइप काढणाऱ्या गवंड्यापर्यंत तो कसा पोहोचणार?

आमचा गवंडी ग्राइंडर घेऊनच आला होता. "धा मिन्टात तुकडं करून खाली घेतो." मी त्याला चहा दिला, बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवं, आसलं पत्रं मी जल्मभर कापतोय." या वाक्याला उत्तर नसतं. शेवटी मी मजुरी वाढवून दिली आणि माझ्या पद्धतीनं काम करून घेतलं. आधी घरातली पोरंबाळं बाहेर. पाइपावर फवारणीच्या पंपानं पाणी मारून तो चिंब केला. छताजवळची माती हातानं मोकळी केली, पट्टीचे खिळे काढले, आणि पाइप अख्खाच्या अख्खा खाली उतरवला. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलेलं होतं, त्यातच तो गुंडाळून चिकटपट्टीनं बंद केला. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकंही त्याच गुंडाळीत. धुळीच्या साध्या कापडी मास्कवर हे काम करू नये. आणि खरं सांगायचं तर ज्याला परवडतं त्यानं या कामाचा जाणकार माणूस आणावा. अंथुर्ण्यात तो मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

नवं धुराडं पत्र्याचं, चार इंची. ते माळवदातून वर न्यायचं नाही एवढं मी धरून बसलो होतो. तापलेल्या उघड्या पत्र्याच्या नळीपासून लाकूड निदान दीड फूट लांब असावं, आणि आमच्या तुळयांत एवढी मोकळी जागा कुठंच नव्हती. दगडी भिंत मात्र होती. भानवशीच्या मागंच भोक पाडून नळी किंचित वर चढती ठेवून बाहेर काढली, आणि बाहेरून भिंतीच्या कडेनं कठड्याच्या दोन-अडीच फूट वर नेली. वर पावसाची टोपी आणि चिमण्यांसाठी जाळी. खाली, नळी जिथं वळते तिथं उघडायचं झाकण. महिन्याकाठी दोरीला पोत्याचा बोळा बांधून वरून सोडला की काजळी त्या झाकणातून सुपात पडते. धुराड्याचं सगळं शास्त्र एवढंच: गरम हवा हलकी, ती वर जाताना मागून गार हवा ओढते. नळी लांब आणि सरळ तेवढी ओढ जास्त. पण आत येणारी हवाही हवी, म्हणून सानं बुजवू दिलं नाही. खिडक्या बंद केलेल्या स्लॅबच्या खोलीत चूल किंवा कोळशाची शेगडी ठेवण्यासारखा दुसरा धोका नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं एवढंच.

गॅस कुठं ठेवायचा हा प्रश्न दादाला फालतू वाटला. चुलीशेजारच्या कट्ट्यावर शेगडी, खाली सिलिंडर, अशी त्याची मांडणी. आज गावातल्या पुष्कळ घरांत हीच मांडणी आहे, कारण २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली तेव्हा गॅस घरात आला, पण चूल गेली नाही. टाकी संपली की चूल, पाहुणे आले की चूल. आता गॅस हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. गळला तर छताकडं जात नाही, भुईवरून सरपटत जातो, आणि भुईला कोण बसलेलं असतं? रात्री राखेखाली दाबून ठेवलेला विस्तव. दादानं हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी पडवीची खिडकी काढून तिथं गॅसचा कट्टा बांधायला लावला. मधे भिंत आली, दार आलं. हे काम त्यानं माझ्या सांगण्यावरून केलं असं तो अजून कबूल करत नाही.

धुराचं म्हणाल तर आकडे सांगायला मला संकोच वाटतो, कारण आईला दम्याचा पंप आहे आणि तिला आकड्यांची गरज नाही. तरी एक सांगतो. घरातल्या चुलीच्या आणि तत्सम धुरानं जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. नीरेच्या पलीकडं फलटणला 'आरती' या संस्थेनं या विषयावर पुष्कळ काम केलं; १९९६ साली डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्थापली. सुधारित चुली तर त्यांनी केल्याच, शिवाय शेतात पेटवून दिलं जाणारं उसाचं पाचट कोंडून जाळून त्याच्या कांड्या करायची रीत काढली. त्याबद्दल २००२ साली त्यांना ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आमच्या शिवारात ऊस तुटला की पाचट आजही पेटतं आणि संध्याकाळी घरात दुहेरी धूर येतो, एक रानातला, एक चुलीतला.

बारामती-इंदापूर रस्ता आता पालखी महामार्ग झाला. त्याच्या दोन्ही अंगांना 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागल्या आहेत. भाकरीला आराची चव येते हे खरं. तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी केलेली ज्वारीची भाकरी जशी फुगते आणि पापुद्र्याला जो करपट खमंगपणा येतो तो गॅसवर येत नाही. मीही ती मागून खातो. पण मागच्या बाजूला शेडमध्ये डोळे पुसत बसलेल्या बाईच्या डोक्यावर धुराडं आहे का, हे एकदा वाकून बघावं. बहुतेक ठिकाणी नसतं. चुलीच्या चवीचं कौतुक करणारे आणि चूल फुंकणारे ही दोन वेगळी माणसं असतात, आणि कौतुकावरचे लेख पहिल्यांनीच लिहिलेले असतात. यातला एक मी.

नवी चूल सावलीत वाळू दिली. वाळताना पडलेल्या भेगा आईनं पातळ गाऱ्यानं बुजवल्या. पहिल्या दिवशी नुसत्या काटक्यांचा मंद जाळ, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, असं करत ओल काढली. घाईनं मोठा जाळ घातला तर आतल्या पाण्याची वाफ चुलीला फोडते. आषाढात बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून तुकोबांची पालखी अंथुर्ण्याला मुक्कामी आली. त्या रात्री पिठलं-भाकरीची मोठी चुलाणी नेहमीप्रमाणं अंगणात होती, उघड्यावर. घरातल्या चुलीवर फक्त वारकऱ्यांचे पाय शेकायच्या पाण्याचा हंडा. धूर भिंतीबाहेरच्या नळीतून वर जात होता. एका म्हाताऱ्या माळकरणीनं चुलीपुढं बसून भानवशीवर हात ठेवून बघितला आणि आईला विचारलं, "किती पडलं?" आईनं मजुरी आणि पत्र्याची किंमत पैशापर्यंत सांगितली. माती फुकट आहे हेही सांगितलं.

जुना पाइप अजून गोठ्यामागं प्लॅस्टिकात गुंडाळलेला पडून आहे. कचऱ्याच्या गाडीत तो देता येत नाही, भंगारवाला घेत नाही, आणि पुरायचा तर उद्या कुणीतरी कुदळ मारणार. तुमच्या घरात असा पाइप किंवा पत्रा असेल तर तो फोडू नका, फोडू देऊ नका. आणि असली वस्तू आपल्या भागात रीतसर कुठं घेतात हे ठाऊक असेल तर मलाही कळवा.